फेसबुक-व्हॉट्सअॅप वापरताना आपली माहिती कशी जपावी

आपल्या समाजातल्या ज्येष्ठ मंडळींचा दिवस आता बहुतेक घरी व्हॉट्सअॅपनेच सुरू होतो. दिमोनातली बहीण अश्दोदच्या बहिणीला सकाळी शालोम पाठवते, ठाण्याहून भाचा फोटो धाडतो, लोदच्या ग्रुपवर कुणाच्या तरी मेंदीचा व्हिडिओ येतो. पूर्वी एका पत्राला मुंबईहून यायला दोन-तीन आठवडे लागत, हे ज्यांना आठवतं त्यांना या सोयीची किंमत जास्त कळते. ती सोय सोडून द्या असं इथे कुणी सांगणार नाही. इस्राएलमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना कुठे सावध राहावं लागतं आणि फोनमध्ये नेमकं काय बदलायचं, एवढंच या लेखात आहे. फोनच्या आवृत्तीप्रमाणे बटणांची नावं थोडी इकडेतिकडे होतात, ते धरून चाला.

एक गोष्ट आधीच. पुष्कळांचा फोन नातवाने हिब्रूत लावून दिलेला असतो आणि आजी-आजोबा चित्रं ओळखून काम चालवतात. अँड्रॉइड फोनची भाषा मराठी करता येते. फोनच्या सेटिंग्जमध्ये भाषा हा पर्याय असतो, तिथे मराठी निवडली की व्हॉट्सअॅपची बटणंसुद्धा मराठीत दिसतात. हे काम नातवाकडून एकदा करून घ्या. जे वाचता येतं ते माणूस दाबण्याआधी वाचतो. न कळणाऱ्या भाषेत 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं समोर आली, की हात आपोआप 'हो'कडे जातो.

तेउदत झेहुतचा नंबर गुप्त राहिलेला नाही

फोनवरचा माणूस म्हणतो, "मी बँकेतून बोलतोय, तुमचा मिस्पार झेहुत अमुक अमुक आहे ना?" नंबर बरोबर असतो. पत्ताही बरोबर असतो. कधी मुलांची नावंही बरोबर असतात. मग आपल्याला वाटतं, एवढं सगळं ठाऊक आहे म्हणजे खरोखर बँकेतलाच माणूस असणार.

असं मुळीच समजू नका. इस्राएलची लोकसंख्या नोंदवही २००६ साली समाजकल्याण खात्यातल्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याने चोरली आणि पुढे ती इंटरनेटवर पसरली. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये न्याय मंत्रालयाने हे प्रकरण जाहीर केलं. मृत व्यक्ती धरून नव्वद लाखांच्या आसपास लोकांच्या नोंदी तिच्यात होत्या. नंतर २०२० च्या फेब्रुवारीत, निवडणुकीच्या तोंडावर, 'इलेक्टर' नावाच्या प्रचाराच्या अॅपमधून सुमारे पासष्ट लाख मतदारांची नावं, पत्ते आणि ओळखपत्राचे नंबर उघडे पडले. त्याच वर्षी डिसेंबरात शिरबीत या विमा कंपनीवर हल्ला झाला आणि ग्राहकांच्या ओळखपत्रांचे फोटोच चोरांनी बाहेर टाकले.

म्हणजे तुमचा नऊ आकडी नंबर कुणाला तरी ठाऊक आहे, असंच धरून चालावं. फोनवर कुणी तो बरोबर सांगितला म्हणून तो बँकेचा, बितुआख लेउमीचा किंवा पोलिसांचा माणूस ठरत नाही. फोन ठेवा. बँकेच्या कार्डावर मागे छापलेला नंबर आपल्या हाताने लावा आणि विचारा. बितुआख लेउमीचा नंबर *६०५० आहे, तोही आपणच लावायचा. खरा अधिकारी "थांबा, फोन ठेवू नका" असं कधी म्हणणार नाही. चोर मात्र हमखास म्हणतो, कारण फोन ठेवलात की तुम्ही मुलाला विचाराल ही त्याला धास्ती असते.

तेउदत झेहुतबरोबरच्या सेफाखवर पत्ता, नवरा-बायकोची आणि मुलांची नावं असतात. ओसीआय कार्डासाठी किंवा विमानाच्या तिकिटासाठी एजंटला आपण त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि विसरून जातो. तो फोटो एजंटच्या फोनमध्ये, तुमच्या फोनमध्ये आणि कधी कधी चुकून घरच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं पडून राहतो. पाठवावा लागलाच तर फोटोवर आडव्या अक्षरांत 'फक्त तिकिटासाठी' आणि तारीख लिहून पाठवा, फोनमध्ये ते करता येतं. काम झालं की एजंटला खोडायला सांगा. लाज वाटून घेऊ नका, कागद तुमचा आहे.

आडनाव, गाव आणि शाळा : आपली खास अडचण

बऱ्याच वेबसाइटवर पासवर्ड विसरल्यास ओळख पटवायला काही प्रश्न विचारतात. आईचं माहेरचं आडनाव काय? तुमचा जन्म कुठल्या गावात झाला? पहिली शाळा कोणती?

दुसऱ्या कुणाला हे प्रश्न अवघड असतील. आपल्याकडे त्यांची उत्तरं सगळ्या समाजाला तोंडपाठ असतात! पेणचे ते पेणकर, केहिमचे केहिमकर, झिराडचे झिराडकर, नवगावचे नवगावकर. आडनावातच गाव आहे. दोन बेने इस्राएल पहिल्यांदा भेटले तरी दहा मिनिटांत "तुमची आई कुणाकडची?" हा प्रश्न येतोच, आणि तिथून नातं निघतंच. आता तीच चौकशी फेसबुकच्या उघड्या ग्रुपवर होते. कुणी जुना लग्नाचा फोटो टाकतो, खाली पंचवीस जण लिहितात : ही माझ्या आईची चुलत बहीण, माहेरची अमुक, लग्नानंतर तमुक, अलिबागजवळ त्यांची वाडी होती. इतिहास म्हणून हे सोनं आहे, आणि ते लिहून ठेवलंच पाहिजे. पण तुमच्या बँकेच्या किंवा ईमेलच्या प्रश्नाचं उत्तर तिथे जाहीर लिहिलेलं आहे, हेही तितकंच खरं.

शाळेचंही तसंच. माझगावच्या सर एली कदूरी शाळेचा, म्हणजे आधीच्या इस्राएली शाळेचा, वर्गाचा फोटो कुणी टाकला की जगभरातून आपले लोक गोळा होतात. मुंबईत वाढलेल्या आपल्या एका पिढीत 'पहिली शाळा' या प्रश्नाला कितीतरी लोकांचं उत्तर एकच आहे. चोराला फार डोकं चालवावंच लागत नाही.

यावर उपाय असा, की त्या प्रश्नाचं खरं उत्तर देऊच नका. आईच्या माहेरच्या आडनावाच्या जागी 'चहापोहे' लिहिलं तरी यंत्राला काही फरक पडत नाही. तुम्ही काय लिहिलंत ते पुन्हा तसंच लिहिता आलं म्हणजे झालं. खोटं बोलल्याचं पाप लागेल असं ज्यांना वाटतं त्यांनी हा दुसरा पासवर्डच आहे असं मनाशी धरावं.

आणि ते लक्षात कसं ठेवायचं? वहीत लिहा. तरुण मुलं वहीला हसतात, पण मला ती पसंत आहे. परदेशात बसलेला चोर तुमच्या कपाटातल्या वहीपर्यंत पोचू शकत नाही. वहीवर 'पासवर्ड' असं नाव मात्र घालू नका, आणि तिच्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवू नका. घरातल्या एका माणसाला ती कुठे आहे ते ठाऊक असावं. पासवर्ड म्हणून नातवाचं नाव आणि जन्मसाल नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा. पुरी, छत्री, बांगडा असे. हेच शब्द घेऊ नका म्हणजे झालं, आता ते सगळ्यांनी वाचले. ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात.

वाढदिवसाबद्दल दोन शब्द. ग्रुपवर "आज काकांचा ७५ वा वाढदिवस" असं फोटोसकट आलं, की जन्मतारीख सालासकट जाहीर झाली. दिवस-महिन्याच्या शुभेच्छा द्या, साल सांगायची गरज नाही. आपल्या मावश्या तर ते कधी सांगतच नाहीत, त्यांचं या बाबतीत बरोबर आहे.

व्हॉट्सअॅपचा सहा आकडी कोड

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

व्हॉट्सअॅप नव्या फोनमध्ये सुरू करताना आपला नंबर घालावा लागतो. मग व्हॉट्सअॅप त्या नंबरावर सहा आकडी कोड पाठवतं. तो कोड घातला की त्या नंबराचं व्हॉट्सअॅप नव्या फोनमध्ये उघडतं आणि जुन्या फोनमधलं बंद पडतं. चोराला तुमचा नंबर ठाऊक असतो, तो आपल्या फोनमध्ये तुमचा नंबर घालतो. कोड येतो तुमच्या फोनवर. आता त्याला तो तुमच्याकडून काढून घ्यायचा असतो.

त्यासाठी तो तुमच्या ओळखीच्या माणसाच्या नावाने लिहितो. "मावशी, चुकून माझा कोड तुमच्या नंबरावर गेला, जरा पाठवता का? घाई आहे." मेसेज खरोखर भाचीच्याच व्हॉट्सअॅपवरून आलेला असतो, तिचाच फोटो दिसत असतो. कारण भाचीचं खातं त्याने आधीच घेतलेलं असतं. मावशीने कोड पाठवला की मावशीचंही खातं गेलं. मग मावशीच्या नावाने तिच्या सगळ्या ओळखीच्यांना मेसेज जातात, आणि त्यातल्या काहींना "दोन हजार शेकेल पाठवा, उद्या देते" असंही लिहिलं जातं. शंभर-दीडशे माणसांच्या समाजग्रुपमध्ये एक खातं गेलं तर चोराला सगळ्या ग्रुपचे नंबर मिळतात, कारण ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो.

तेव्हा तुमच्या फोनवर आलेला कोड कुणालाही द्यायचा नाही. मुलाने मागितला तरी व्हॉट्सअॅपवर लिहून द्यायचा नाही, आधी त्याला साधा फोन लावून आवाज ऐकायचा. दुसऱ्याचा कोड चुकून तुमच्या नंबरावर येतच नाही.

याचाच दुसरा प्रकार इस्राएलमध्येच गाजला होता. २०१८ च्या ऑक्टोबरात इथल्या राष्ट्रीय सायबर यंत्रणेने लोकांना सावध केलं होतं. चोर रात्री तुमच्या नंबराने व्हॉट्सअॅप सुरू करायला बघतो. तुम्ही झोपलेले, मेसेजकडे लक्ष नाही. मग व्हॉट्सअॅप फोन करून कोड बोलून सांगायचा पर्याय देतं. तुम्ही उचलत नाही, म्हणून तो बोललेला कोड तुमच्या ता कोलीत, म्हणजे फोनवरच्या आवाजी पेटीत, जाऊन पडतो. त्या पेटीचा गुप्त आकडा पुष्कळांनी कधी बदललेलाच नसतो, कंपनीने दिलेला १२३४ किंवा ०००० तसाच असतो. चोर बाहेरून ती पेटी उघडतो, कोड ऐकतो आणि काम फत्ते. शब्बाथला जे फोन बंद ठेवतात त्यांच्या बाबतीत चोराला रात्रीची वाट बघायचीही गरज नाही, त्याला अख्खा दिवस मोकळा असतो. ता कोली वापरत नसाल तर फोन कंपनीला सांगून ती बंदच करून टाका. वापरत असाल तर आकडा बदला.

या दोन्ही प्रकारांवर एकच कुलूप आहे. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट' उघडा, त्यात 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' आहे, ते सुरू करा. तुमच्या मनाचा सहा आकडी पिन तिथे घालायचा. आता चोराला कोड मिळाला तरी पिनशिवाय आत जाता येत नाही. ईमेल विचारलं की तेही घाला, म्हणजे पिन विसरलात तर सोडवता येतो. व्हॉट्सअॅप अधूनमधून तो पिन विचारतं, तुम्ही विसरू नये म्हणून. घाबरून जाऊ नका. हे काम आज संध्याकाळीच करा, बाकीचा लेख नंतर वाचलात तरी चालेल.

तिथेच आणखी दोन गोष्टी बघून घ्या. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये तुमचं व्हॉट्सअॅप आणखी कुठल्या संगणकावर उघडं आहे ते दिसतं. आपल्या ओळखीचं नसेल ते काढून टाका. आणि 'प्रायव्हसी'मध्ये 'ग्रुप्स' आहे, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला शेअर बाजाराच्या कुठल्यातरी ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही.

खातं गेलंच तर? व्हॉट्सअॅप काढून पुन्हा घाला, आपला नंबर द्या, आलेला कोड घाला. त्या क्षणी चोर बाहेर फेकला जातो. त्याने आपला पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं, पण तोही तुमच्या नावाने काही लिहू शकत नाही. तोवर घरच्यांना, ग्रुपच्या अॅडमिनला फोन करून सांगा की माझ्या नावाने आलेल्या मेसेजला पैसे पाठवू नका.

फेसबुकवरचे मित्र

फेसबुकवर बनावट खातं आणि चोरलेलं खातं या वेगळ्या गोष्टी आहेत. बनावट म्हणजे कुणीतरी तुमचा फोटो उतरवून, तुमचंच नाव घालून दुसरं खातं उघडतो आणि तुमच्या मित्रांना मैत्रीच्या विनंत्या पाठवतो. तुमच्या खऱ्या खात्याला काहीच झालेलं नसतं, त्यामुळे पासवर्ड बदलून उपयोग नाही. अशा वेळी मित्रांना त्या बनावट पानावरच्या तीन टिंबांवर दाबून तक्रार करायला सांगा. जितक्या लवकर कराल तितकं बरं. तुम्हाला स्वतःला ते पान बहुधा दिसतच नाही, कारण चोराने तुम्हाला आधीच ब्लॉक केलेलं असतं. ज्याच्याशी आधीच मैत्री आहे त्याची दुसरी विनंती आली, तर स्वीकारण्याआधी फोन करून विचारा.

बनावट खातं करणाऱ्याला तुमच्या मित्रांची यादी लागते. ती त्याला दिसूच नये म्हणून फेसबुकच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये मित्रांची यादी कोण पाहू शकतं या ओळीत 'ओन्ली मी' निवडा. तिथेच जुन्या सगळ्या पोस्ट एका झटक्यात फक्त मित्रांपुरत्या करायचीही सोय आहे.

आता नाजूक विषय. जोडीदार गेल्यावर घर रिकामं होतं, मुलं लांब, आणि फेसबुकवर एक भला माणूस रोज विचारपूस करायला लागतो. तो अमेरिकी सैन्यातला डॉक्टर असतो किंवा समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवरचा इंजिनियर. त्याला व्हिडिओवर बोलायला कधीच जमत नाही. दोन-तीन महिने पैशाचा विषय निघत नाही, आणि मग एक दिवस त्याचं पार्सल कस्टममध्ये अडकतं. यात फसलेल्या माणसाला हसणं हा आपल्या समाजाचा मोठा दोष आहे, असं मला स्पष्ट वाटतं. हसण्याच्या भीतीनेच लोक मुलांना सांगत नाहीत आणि दुसऱ्यांदा पैसे पाठवतात. शेजारच्या बाईंनी असं काही सांगितलं तर आधी पाणी द्या, मग बँकेला फोन लावा.

प्रवासाबद्दल : भारतात दोन महिन्यांसाठी जाताना विमानतळावरचा फोटो टाकला म्हणजे घर रिकामं असल्याची दवंडी पिटली. फोटो परत आल्यावर टाका. बोर्डिंग पासचा फोटो तर कधीच नको, त्यावरच्या पट्ट्यांत बुकिंगचा नंबर लपलेला असतो. घराच्या दारातला, मेझुझाशेजारी उभं राहून काढलेला फोटो छान येतो, पण मागे घराचा नंबर दिसत नाही ना ते बघा. शिव्हाच्या दिवसांत पत्ता कळवावाच लागतो. तो ओळखीच्यांच्या ग्रुपवर कळवा, उघड्या फेसबुकवर नको, आणि अंत्यविधीच्या वेळी घरी एक माणूस थांबेल असं बघा.

दोआरचं पार्सल, कविश शेशची टोलची थकबाकी

मेसेज येतो, तुमचं पार्सल दोआरमध्ये अडकलंय, बारा शेकेल भरा. किंवा कविश शेशचा टोल राहिलाय, आज भरला नाही तर दंड. खाली निळी लिंक. रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते, माणूस बारा शेकेलसाठी कुणाला विचारत बसत नाही. लिंकच्या पानावर कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि मिस्पार झेहुत मागतात. बारा शेकेल कटतच नाहीत, नंतर हजारो कटतात. पूर्वी अशा मेसेजमधलं हिब्रू मोडकंतोडकं असायचं, त्यावरून शंका यायची. आता यंत्राने केलेलं हिब्रू आपल्यापेक्षा चांगलं असतं, तेव्हा ती खूण गेली.

सरकारी साइटचा पत्ता इंग्रजीत 'जी-ओ-व्ही', टिंब, 'आय-एल' असा संपतो. 'संपतो' या शब्दाला महत्त्व आहे. पत्त्यात पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी ही अक्षरं हवीत. चोर तीच अक्षरं सुरुवातीला घालतात आणि पुढे आडवी रेघ मारून भलतंच नाव जोडतात. हे बघायला डोळे शिणत असतील तर सरळ लिंक दाबूच नका. पार्सल खरंच असेल तर दोआरची चिठ्ठी घेऊन ऑफिसात जा, टोल असेल तर घरी बिल येईल.

घरातलं जुनं सामान विकतानाही जपा. तुम्ही सोफा विकायला काढता, गिऱ्हाईक लिहितं की मी पैसे भरले आहेत, ते घ्यायला या लिंकवर तुमच्या कार्डाचा नंबर घाला. पैसे घ्यायला कार्डाचे मागचे तीन आकडे कधीच लागत नाहीत. बितने किंवा रोखीने द्या म्हणावं, आणि बितने पैसे आले की नाही ते बितच्या अॅपमध्येच बघा, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका.

नातवंडं सैन्यात असतील तर

नातू गणवेशात घरी येतो, आजीला फोटो टाकल्यावाचून राहवत नाही. साहजिक आहे. पण नाव, युनिट, तळाचं ठिकाण आणि सुट्टीची तारीख एकत्र गेली, तर ती माहिती कुणाच्या उपयोगाची आहे याचा विचार करा. २०१७ च्या जानेवारीत सैन्याने जाहीर केलं की हमासची माणसं फेसबुकवर सुंदर मुलींची खोटी खाती उघडून सैनिकांच्या फोनमध्ये हेरगिरीचं अॅप घालत होती. २०१८ मध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या अॅपच्या नावाने आणि २०२० मध्ये पुन्हा तसेच प्रयत्न उघडकीला आले. कुठला मुलगा कुठे आहे हे कळायला त्याचं स्वतःचं पान लागत नाही, आजीचं पान पुरतं. फोटो घरच्या ग्रुपवर पाठवा आणि नातवालाच विचारा की बाहेर टाकू का.

सायरनच्या काळात लोक घाबरलेले असतात, तेव्हा अॅप फार पटकन उतरवतात. २०२३ च्या ऑक्टोबरात क्षेपणास्त्राची सूचना देणाऱ्या एका खऱ्या अॅपची हुबेहूब नक्कल पसरली होती, ती फोनमधले नंबर आणि मेसेज चोरत होती. सूचनेचं अॅप फोनच्या अधिकृत दुकानातूनच घ्या, व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून नको. पिकूद हाओरेफचा नंबर १०४ आहे.

भारतातून येणारे फोन

मुंबईच्या बँकेत अजून खातं असलेल्यांना 'केवायसी करा नाहीतर खातं बंद' असा मेसेज येतो, सोबत एक फाइल असते. ती फाइल उघडली की फोनच चोराच्या ताब्यात जातो. दुसरा प्रकार 'डिजिटल अरेस्ट'चा. व्हिडिओवर पोलिसांच्या वेषातला माणूस म्हणतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुम्हाला अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. भारताच्या कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या प्रकाराबद्दल लोकांना सावध केलं होतं. बोलणारा मराठीत किंवा हिंदीत बोलतो, आणि इतक्या वर्षांनी आपल्या भाषेत दरडावणारा पोलीस ऐकला की जुनी भीती जागी होते. फोन बंद करा. पैसे गेलेच असतील तर भारतातल्या नातेवाइकाला लगेच १९३० या नंबरावर तक्रार करायला सांगा.

भारताच्या ई-व्हिसाच्या नावानेही खासगी लोकांच्या महागड्या साइट आहेत, त्या दिसायला सरकारीच वाटतात. खरा पत्ता 'जी-ओ-व्ही', टिंब, 'इन' असा संपतो.

नातवाचा आवाज यंत्राने काढून "आजी, अपघात झाला, पैसे पाठव" असे फोनही आता करता येतात. घरात एक शब्द ठरवून ठेवा, जो फक्त घरच्यांना ठाऊक असेल. मराठीतला एखादा जुना, घरातला शब्द उत्तम, नातवंडांनाही त्यानिमित्ताने एक शब्द येईल.

फसवणूक झाली तर

पहिला फोन बँकेला किंवा कार्ड कंपनीला, कार्ड बंद करायला. मग ११९, हा राष्ट्रीय सायबर यंत्रणेचा नंबर, दिवसरात्र चालू असतो. खातं कसं परत मिळवायचं, फोनचं काय करायचं ते तिथे सांगतात. पैसे गेले असतील तर पोलिसांत तक्रार, नंबर १००. मेसेज खोडू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा, तक्रारीला लागतात. हिब्रूत बोलायला अडचण असेल तर मुलाला किंवा शेजाऱ्याला बसवून घ्या, पण संध्याकाळी तो कामावरून येईपर्यंत बँकेचा फोन थांबवू नका. कार्ड बंद करायचं आहे एवढंच मोडक्या हिब्रूत सांगितलं तरी त्यांना कळतं. काही दिवसांनी "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" असं सांगणारा वकील फोन करेल. बहुतेक वेळा तो त्याच टोळीतला असतो.

माणूस गेल्यावर त्याचं खातं

आपल्यातल्या कितीतरी जणांची फेसबुक पानं ती माणसं गेल्यावरही तशीच उघडी आहेत. दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाची आठवण येते, आणि कुणी पासवर्ड ओळखला तर त्यांच्या नावाने मेसेजही येऊ शकतात. फेसबुकमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' नावाची सोय आहे. तुमच्या पश्चात पान कुणी सांभाळायचं ते तुम्ही जिवंतपणी नेमू शकता. त्या माणसाला तुमचे खासगी मेसेज वाचता येत नाहीत, पण पानावर शेवटचं दोन ओळींचं निवेदन लिहिता येतं, फोटो बदलता येतो. पान बंदच व्हावं असं वाटत असेल तर तेही तिथेच निवडता येतं. आधी काही नेमलं नसेल तर जवळचा नातेवाईक मृत्यूचा दाखला देऊन पान स्मरणार्थ ठेवायला किंवा काढून टाकायला फेसबुकला कळवू शकतो. वहीत, पासवर्डांच्या खाली, तुमची इच्छा काय ते दोन ओळींत लिहून ठेवा.